डे-केअरचा दिवस: सोलापूरच्या पालकांचे प्रश्न

सोलापूर शहर, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट इथून या सदराला आलेल्या पत्रांतल्या बहुतेक मुलांना रक्ताचा कर्करोग आहे, त्यातही एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). लहान मुलांत हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. त्याचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो आणि त्यातला बराच भाग मुक्काम न करता, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा डे-केअरमध्ये होतो. औषध कोणतं आणि किती हे तुमचे डॉक्टर ठरवतात, त्यात आम्ही पडत नाही. पण ते आठ-दहा तास मुलाच्या शेजारी आई, वडील किंवा आजी असते, आणि त्या वेळात नेमकं काय करायचं हे निवांत बसून सांगायला कोणाला सवड नसते. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दर आठवड्याला सुई असते. "आज सुई नाही, नुसतं दाखवून येऊ" असं सांगून नेते. आता ती रिक्षा हॉस्पिटलच्या रस्त्याला वळली की रडायला लागते. काय सांगून न्यावं? (एक आई, अशोक चौक परिसर)

ताई, खरं सांगून न्या. आज खोटं बोलून रिक्षात शांतता मिळते, पण तिची किंमत पुढच्या प्रत्येक फेरीत मोजावी लागते. कारण मग "आज खरंच सुई नाही" असा दिवस आला तरी ती विश्वास ठेवत नाही. तिला सुईची भीती आहेच, पण सुई कधी येईल ते कळत नाही, ही भीती त्याहून मोठी असते.

चार वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगून उपयोग नाही. दिवस मोजता येत नाहीत, नुसती धास्ती राहते. आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी निघताना एकदा सांगा. सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन दिवस आधी सांगितलेलं बरं, त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. वाक्यं छोटी ठेवा: "उद्या आपण दवाखान्यात जाणार. हाताला एक सुई टोचेल. टोचताना दुखेल, मग थांबेल. मी तुला मांडीवर घेऊन बसणार." घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर हे त्याच भाषेत सांगा. भीतीच्या वेळी मुलाला घरची भाषाच ऐकू येते.

या वयाच्या मुलांना अनेकदा वाटतं की आपण काहीतरी चुकीचं केलं, म्हणून सुया टोचतात. ती हे बोलून दाखवत नाहीत. तिने विचारलं नाही तरी सांगा: "तू काही केलंस म्हणून हा आजार झाला नाही. तो कुणाला लागत पण नाही." आणि घरात कोणीही "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील" असं म्हणायचं नाही, तिच्या भावंडांनाही नाही.

प्रत्यक्ष सुईच्या वेळी चौघांनी हातपाय धरून मुलाला आडवं दाबणं ही सर्वांत वाईट रीत. आडवं पडलं की मूल जास्त घाबरतं आणि जास्त झटापट करतं. तुम्ही खुर्चीवर बसा, मुलीला छातीशी तोंड करून मांडीवर घ्या, तिचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. एका हाताने तिची पाठ कवेत धरा. ज्या हाताला सुई आहे तो तुमच्या काखेखालून मागे सिस्टरकडे जाऊ द्या, त्यांची मदतनीस तो कोपर आणि मनगटाजवळ स्थिर धरेल. छातीच्या पोर्टला (औषधासाठी कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला) सुई घालायची असेल तर मुलीची पाठ तुमच्या छातीला टेकवा आणि दोन्ही हात मिठीत घ्या. सिस्टरना आधीच विचारा, "मांडीवर घेऊन चालेल का?" बहुतेक हो म्हणतात.

त्या क्षणी एकच आवाज हवा. आई काहीतरी सांगतेय, बाबा दुसरं, सिस्टर तिसरं, अशा गलक्यात मूल बावचळतं. भिंगरीवर फुंकर मारायला लावा किंवा साबणाचे फुगे उडवायला द्या. लांब फुंकर मारताना अंग आपोआप सैल पडतं आणि रडताना श्वास कोंडत नाही. "रडलीस तरी चालेल, हात मात्र हलवायचा नाही," हा नियम मुलांना पाळता येतो. "शूर मुलं रडत नाहीत" हा पाळता येत नाही, आणि न पाळल्याची लाज मात्र वाटते.

निवड द्यायची ती खरी द्या. "सुई घ्यायची का?" असं विचारू नका, कारण "नाही" म्हणाली तर तुम्ही ते ऐकणार नसता. "उजवा हात की डावा?", "पट्टी मी काढू की तू काढतेस?" असं विचारा.

बधिर करणारं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. लिडोकेन आणि प्रायलोकेन असलेलं मलम मिळतं. सुईच्या जागेवर जाड थर लावायचा, चोळून जिरवायचा नाही, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून झाकायचा आणि निदान एक तास ठेवायचा. "मलम लावलं तरी रडली" अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा मलम वीस मिनिटंच राहिलेलं असतं किंवा चोळून पुसलं गेलेलं असतं. हातावरची शीर शोधायची असेल तर दोन जागी लावा, पहिली शीर फसली तर दुसरी तयार असते. मलमाने शिरा थोडा वेळ आक्रसतात, म्हणून पुसल्यावर दहा मिनिटं थांबून मग सुई. मुलाचं वजन आणि वय पाहून किती लावायचं याला मर्यादा असते, ती विचारून घ्या. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय लावूच नका.

घरी बाहुलीला सलाईन लावायचा खेळ खेळू द्या. सिस्टरकडून सुई नसलेली नवी सिरिंज आणि चिकटपट्टी मागून घ्या. खेळात मुलगी सिस्टर होईल आणि बाहुलीला दटावेल. ती काय दटावते ते ऐका, तिला दवाखान्यात काय खुपतं ते तिथे कळतं.

प्रश्न : आम्ही मोहोळहून बार्शीला नेतो. दोनदा असं झालं की पोचल्यावर "काउंट कमी आहे, पुढच्या आठवड्यात या" म्हणाले. मजुरी बुडाली. हे टाळता येतं का? (वडील, मोहोळ)

बरंचसं टाळता येतं. डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशी जवळच्या लॅबमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, म्हणजेच काउंट) करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो डे-केअरच्या नंबरवर पाठवून "उद्या यायचं का?" हे पक्कं करा. मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं.

रिपोर्टमध्ये दोन आकडे पाहा. एक प्लेटलेट. दुसरा न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, ज्याला एएनसी म्हणतात. तो लिहिलेला नसेल तर काढता येतो: एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं आणि शंभरने भागायचं. पांढऱ्या पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर एएनसी ७२०. म्हणजे एकूण पेशी बऱ्या दिसल्या तरी एएनसी कमी असू शकतो. पुढचा डोस किती आकड्याला द्यायचा हे उपचाराच्या टप्प्यावर ठरतं, काही टप्प्यांत काउंट कमी असतानाही औषध देतात. तुमच्या मुलाच्या टप्प्याचा आकडा विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एएनसी ५०० च्या खाली असेल तर संसर्गाचा धोका मोठा, हे मात्र सर्वांना लागू.

काउंट कमी आला म्हणून "तेवढ्यात देऊन टाका" असा आग्रह धरू नका. आणि काउंट वाढवायला पपईच्या पानांचा रस, कसलं भस्म, काढा हे डॉक्टरांना न सांगता देऊ नका. केमोच्या औषधांचा भार यकृतावर आधीच असतो, त्यात भर पडली की पुढचा डोस आणखी लांबतो.

पिशवीत काय न्यायचं हेही विचारलंय. फाइल आणि चालू गोळ्यांची यादी वरच्या कप्प्यात. कपड्यांचे दोन जोड, एक पातळ चादर, उलटीसाठी झाकणाचा डबा, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, घरचं उकळलेलं पाणी, कोरडा खाऊ, थर्मामीटर, हात धुवायचा साबण. शर्ट समोरून बटणांचा असावा, डोक्यातून काढायचा टी-शर्ट सलाईन लावल्यावर बदलता येत नाही. डे-केअरमध्ये एसी असतो आणि बाहेर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं चाळीसच्या वरचं ऊन, म्हणून चादर हवीच. खेळणी नवी चार नेण्यापेक्षा सवयीचं एक न्या. मोबाइल सकाळपासून हातात दिला तर अवघड वेळेला, म्हणजे सुईच्या आणि मळमळीच्या वेळेला, त्याचा उपयोग उरत नाही. तो त्या वेळेसाठी राखून ठेवा.

प्रश्न : कंबरेच्या इंजेक्शनच्या दिवशी उपाशी ठेवायला सांगतात. तीन वर्षांचा नातू भुकेने कासावीस होतो. थोडं दूध दिलं तर काय बिघडतं? (आजी, होटगी रोड)

आजी, दूधच द्यायचं नाही. कंबरेतून औषध देताना मुलाला गुंगी देतात. गुंगीत पोटातलं वर आलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. पोटात गेल्यावर दुधाचं दही होतं, म्हणून ते जेवणातच धरतात. सर्वसाधारण नियम असा: जेवण, बिस्किट, वरचं दूध, दुधाचा चहा हे सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, स्वच्छ पातळ पदार्थ, म्हणजे पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, हे दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या दवाखान्याची वेळ यापेक्षा वेगळी असेल तर तीच पाळा.

बऱ्याच घरांत चूक उलट बाजूने होते. "उपाशी आणा" ऐकून रात्री आठपासून पाणीही बंद करतात. मग सकाळी दहापर्यंत मूल चौदा तास कोरडं, शिरा सापडत नाहीत, साखर उतरते. त्याऐवजी इंजेक्शनची अंदाजे वेळ विचारा. दहाची असेल तर पहाटे पावणेचारला उठवून थोडा मऊ भात किंवा दूध द्या, आणि आठपर्यंत घोट-घोट साखरपाणी. त्या दिवशी घरात इतरांनी त्याच्यासमोर खाऊ नये आणि पिशवीतला बिस्किटपुडा मोठ्या माणसाकडेच राहावा. कोणीतरी दया येऊन हातात बिस्किट दिलंच, तर ते सिस्टरना सांगा. लपवू नका. इंजेक्शन काही तास उशिरा होईल, एवढंच.

लहान मुलांना आधी घेतात का, हे पोचताच विचारा. विचारल्याशिवाय नंबर नाव नोंदवल्याच्या क्रमाने लागतो.

इंजेक्शननंतर साधारण तासभर मुलाला सपाट झोपवून ठेवायला सांगतात. औषध मणक्याच्या पाण्यात डोक्यापर्यंत सारखं पसरावं, हे त्याचं कारण. हा तास गोष्ट सांगण्याचा, मांडीवर उचलून घेण्याचा नाही. पुढचे एक-दोन दिवस उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर पाणी भरपूर पाजा आणि डॉक्टरांना कळवा. परतीच्या एसटीत मागच्या सीटवर बसू नका, धक्के फार बसतात.

प्रश्न : सलाईन चालू असताना आम्ही नक्की काय बघायचं? सिस्टर दहा जणांना बघत असतात. (आई-वडील, अक्कलकोट)

म्हणूनच तुमचे डोळे महत्त्वाचे. पिशवी लावण्याआधी त्यावरचं नाव आणि फाइल नंबर सिस्टरना मोठ्याने वाचायला सांगा आणि फाइलशी जुळवा. यात कोणी रागावत नाही, चांगल्या विभागात ही पद्धतच असते.

सुईची जागा कपड्याखाली झाकू नका. तिथे सूज, लाली, आग, किंवा अचानक "दुखतंय" असं रडणं सुरू झालं तर त्याच क्षणी सांगा, थेंब संपायची वाट बघू नका. व्हिनक्रिस्टिन आणि लाल रंगाची औषधं शिरेबाहेर झिरपली तर कातडी आणि आतलं मांस जळतं. ती जागा दाबायची किंवा चोळायची नाही. शेक कोणता द्यायचा हे औषधावर अवलंबून असतं: व्हिनक्रिस्टिनला ऊब देतात, लाल औषधाला गारवा. म्हणून स्वतःच्या मनाने बर्फ लावू नका. याच धोक्यामुळे छातीत पोर्ट किंवा दंडात पिक लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी) बसवतात. डॉक्टरांनी ती सुचवली असेल तर केवळ ऑपरेशनच्या भीतीने नाही म्हणू नका. पिक लाइनला आठवड्यातून एकदा धुणं आणि पट्टी बदलणं लागतं, अंघोळीला ती गुंडाळून कोरडी ठेवावी लागते. पोर्ट कातडीखाली असतो, वापर नसताना साधारण महिन्याने एकदा धुतात. लाइन धुतल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर तो लाइनमधला संसर्ग असू शकतो. घरी निघाला असाल तर परत फिरा.

अ‍ॅस्परजिनेजचं इंजेक्शन असेल त्या दिवशी शेवटच्या गाडीची घाई करू नका. अंगावर पित्त उठणं, खोकला, ओठ सुजणं, धाप हे बहुतेक पहिल्या तासाभरात होतं आणि तेव्हा मूल दवाखान्यात हवं. पहिले दोन डोस नीट गेले म्हणून तिसऱ्याला निर्धास्त राहू नका, अ‍ॅलर्जी नंतरच्या डोसला जास्त दिसते.

उलटीचं औषध केमोच्या साधारण अर्धा तास आधी जायला हवं. गडबडीत ते राहतं, म्हणून "उलटीचं दिलं का?" हे विचारायचं काम तुमचं. सलाईन चालू असताना पोटभर जेवण नको. चुरमुरे, टोस्ट, कोरडी पोळी असं थोडं थोडं. आणि केमोच्या दिवशी मुलाच्या सर्वांत आवडीचा पदार्थ मुद्दाम टाळा. मळमळीशी जोडला गेलेला पदार्थ मूल नंतर महिनोन्‌महिने तोंडात घेत नाही. लाडाने केलेला शिरा असा कायमचा नावडता होतो. शिरा दोन दिवसांनी, घरी करा.

लाल औषधानंतर लघवी लाल-केशरी होते. ते रक्त नव्हे. मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतं. केमोनंतर दोन दिवस लघवी, शी, उलटी साफ करताना हातमोजे घाला, दोनदा पाणी ओता, बरबटलेले कपडे वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून या दोन दिवसांसाठी एक झाकणाची बादली वेगळी भरून ठेवा.

प्रश्न : केमोनंतर नवव्या रात्री १०१ ताप आला. पॅरासिटामॉल दिलं, उतरला, सकाळी नेलं. डॉक्टर फार रागावले. ताप तर उतरला होता ना? (आई, विजापूर रोड)

ताप उतरला होता, संसर्ग उतरला नव्हता. या सदरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या वेळी जंतू रक्तात शिरला तर लढायला कोणी नसतं. पू होत नाही, कफ होत नाही, बहुतेक वेळा ताप हीच एकमेव खूण. ती पॅरासिटामॉलने पुसली की मूल झोपलेलं, शांत दिसतं आणि आत संसर्ग पसरत राहतो. काही तासांत रक्तदाब पडू शकतो. म्हणूनच ताप घेऊन आलेल्या अशा मुलाला दवाखान्यात पाय ठेवल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा नियम आहे.

काखेत थर्मामीटर लावून १००.४ फॅरनहाइट दिसला की फोन करायचा, आणि लगेच निघायचं. १०१ ची वाट बघायची नाही, काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा कमीच दिसतो. ताप नसतानाही हुडहुडी, हातपाय गार, मूल मलूल, लघवी कमी, असं दिसलं तरी निघा. कधी कधी फार खालावलेल्या मुलाला ताप येतच नाही. ताप मोजायचा काखेतच. शौचाच्या जागेत थर्मामीटर, गोळी किंवा एनिमा काहीही घालायचं नाही, तिथली नाजूक त्वचा फाटली तर तिथलेच जंतू रक्तात जातात. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होतो.

मूळ उपचार मुंबईत किंवा बार्शीत असला तरी रात्री दोन वाजता तिकडे निघायचं नसतं. सोलापुरात रात्री शिरेतून अँटिबायोटिक देणारं कुठलं रुग्णालय, हे आजच डॉक्टरांना विचारून ठरवा. त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: आजाराचं नाव, शेवटची केमो कधी, कोणती, ताप आल्यास कोणती तपासणी आणि कोणतं औषध, कोणाला फोन करायचा. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरच्या हातात तोंडी हकिगतीआधी हा कागद द्या. रिक्षावाल्याचा नंबर आणि थोडे सुटे पैसे त्या फाइलमध्येच ठेवा.

प्रश्न : खाण्यात काय द्यावं? शेंगा चटणी, ताक, हुरडा देऊ का? (आजी, बार्शी)

ताजी, घरी शिजवलेली, गरम असताना वाढलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट द्या. ज्वारीची भाकरी, वरण, मऊ भात, पालेभाजी, नीट उकडलेलं अंडं, सगळं चालतं. शेंगा घरी भाजून, धुतलेल्या खलबत्त्यात कुटून ताजी चटणी केली तर चालेल, तिखट अगदी कमी. महिनाभर बरणीत राहिलेली किंवा सुटी विकत आणलेली नको, जुन्या शेंगदाण्यावर बुरशी धरते. हुरडा आगटीत वरून भाजतो, आत कच्चा राहतो आणि हाताने चोळून देतात, तो काउंट कमी असताना नको. ताक घरच्या उकळलेल्या दुधाचं, त्याच दिवशीचं. फळं जाड सालीची आणि घरी सोललेली: केळं, मोसंबी, संत्रं, डाळिंब. द्राक्षं, कापून ठेवलेलं कलिंगड, उसाचा रस, बर्फाचा गोळा, देवळातलं पंचामृत नको. प्रसाद नाकारायला जीव धजत नाही हे कळतं, पण खडीसाखर चालते.

पाणी साठवावं लागतं, म्हणून पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावर काही मिनिटं खळखळू द्या, झाकून गार करा, ओगराळ्याने काढा. भांड्यात हात बुडवायचा नाही. उकळलेलं पाणी चोवीस तासांत संपवा.

व्हिनक्रिस्टिनने आतडी मंदावतात. दोन दिवस शी झाली नाही की डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध सुरू करा, पाचव्या दिवसाची वाट बघू नका. भिजवलेले मनुके उकळून द्या. पोटदुखीसह पोट फुगलं तर दाखवाच. याच औषधाने जबडा दुखतो, मूल चावायला नकार देतं आणि घरच्यांना वाटतं हट्ट करतंय. चप्पल पायातून निसटायला लागली, पाय अडखळायला लागला, तर तेही सांगा.

स्टेरॉइडच्या दिवसांत उलटं. मूल रात्री तीनला उठून भाकरी मागतं, चिडतं, रडतं. ते औषध बोलतंय, मूल नाही. द्यायचं, पण मीठ-साखर कमी ठेवून. पापड-लोणचं ताटाबाहेर.

प्रश्न : महिन्याभरात डॉक्टर म्हणाले, रक्तात आता आजार दिसत नाही. मग दोन वर्षं कशाला? कर्ज होत चाललंय. (वडील, यंत्रमाग कामगार)

तुमची चिंता खरी आहे, म्हणून उत्तर सरळ देतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही म्हणजे संपला असं नाही. उरलेल्या पेशी अस्थिमज्जेत, मेंदूभोवतीच्या पाण्यात, मुलग्यांमध्ये वृषणातही लपून राहतात. या टप्प्यावर उपचार सोडला तर आजार बहुतेक परततो, आणि परतलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो, खर्चही जास्त.

पैशासाठी तीन गोष्टी करा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुलाचं प्रकरण टाका. रेशनकार्डावर मुलाचं नाव नसेल तर जन्मदाखला न्या आणि नाव चढवायला लगेच अर्ज द्या, लहान मुलांची प्रकरणं इथेच अडतात. रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट मोफत असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचा छापील नमुन्यातला दाखला लागतो, तो डे-केअरमध्येच भरून घ्या. मुंबईत राहायची सोय हवी असेल तर टाटाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव द्या. सेंट ज्यूड्ससारख्या केंद्रांत मुलं आणि आई-वडिलांना मोफत राहता येतं, पण तिथे रुग्णालयामार्फतच जाता येतं आणि जागा मोजक्या असतात.

प्रश्न : मोठ्या भावाचं काय? आणि गड्ड्याच्या जत्रेला नेऊ का? (आई, नवी पेठ)

गड्ड्यावरच्या गर्दीत आजारी मुलाला काउंट चांगला असला तरी नेऊ नका. धूळ आणि खोकणारी माणसं दोन्ही तिथे आहेत. भावाला मात्र जाऊ द्या, त्याचं सगळं बंद करू नका.

भावाला पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना सांगा की घरात केमोचं मूल आहे. त्या लसीतला जिवंत विषाणू शौचातून बाहेर पडतो, म्हणून त्याला पोलिओचं इंजेक्शन देतात. आजारी मुलाला उपचार चालू असताना कुठलीही जिवंत लस नाही. भावाच्या वर्गात कांजिण्या निघाल्या, आणि तो किंवा आजारी मूल अशा मुलाजवळ बसलं असेल, तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. पहिल्या चार दिवसांत दिलेलं संरक्षक इंजेक्शन सर्वांत कामी येतं.

प्रश्न : आता घरी गोळ्या सुरू झाल्यात. रोजच्या आणि आठवड्याच्या यांत गोंधळ होतो. (आजोबा, पंढरपूर)

हा गोंधळ जीवघेणा ठरू शकतो, म्हणून आजच व्यवस्था करा. सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, रोज एकदा, शक्यतो रात्री ठरलेल्या वेळी. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून फक्त एकदा. ते चुकून रोज दिलं गेलं तर तोंड सोलून निघतं, काउंट कोसळतात, मूल दगावू शकतं. दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांत ठेवा. मेथोट्रेक्झेटच्या डब्यावर मोठ्या अक्षरात वार लिहा, "फक्त सोमवार", आणि दिल्यावर कॅलेंडरवर खूण करा. गोळ्या देणारं माणूस एकच ठेवा. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक देऊ नका, ते मेथोट्रेक्झेटच्या विरुद्ध काम करतं. सेप्ट्रानची गोळी आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस असते, ती फुफ्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून वाचवते. खोकला नाही म्हणून बंद करू नका.

गोळी हातमोजा घालून अर्धी करा, स्वयंपाकाच्या ओट्यावर कुटू नका. पूड उडू नये म्हणून चमच्यातल्या थोड्या पाण्यात विरघळवून लगेच पाजा. गोळी दिल्यावर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली आणि त्यात गोळी दिसली का, हे लिहून फोन करा, स्वतःहून परत देऊ नका. एखादी रात्र राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन डोस एकत्र देऊ नका. राहिलेली तारीख वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत दाखवा. काउंट का वाढले हे शोधताना डॉक्टरांना तीच तारीख हवी असते.